कॉम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

घरातला कॉम्प्युटर स्लो झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो, फॉरमॅट मारून घे (म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक), नव्यासारखा पळेल. पळतो पण, थोडे दिवस. मग हळूहळू परत तेच सुरू होतं कारण डिस्क तीच असते, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) तेवढीच असते आणि आधीचे सगळे प्रोग्रॅम आपण एकेक करून परत टाकलेले असतात. मधल्यामध्ये कुणाचे फोटो जातात, कुणाच्या मुलांचे प्रोजेक्ट जातात, कुणाची हिशोबाची फाइल जाते आणि ते काही परत येत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याच वेळा फॉरमॅटची गरजच नसते. आपल्याला काय कमी पडतंय हे कॉम्प्युटर स्वतःच दाखवत असतो, फक्त ते कुठे बघायचं हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं. विंडोज १० आणि ११ धरून लिहितेय, मेनूची नावं एखाद्या व्हर्जनमध्ये थोडी इकडची तिकडे असतील, पण सेटिंगच्या सर्चमध्ये टाकलं की सापडतात.

आधी डेटा, मग बाकीचं

कशालाही हात लावायच्या आधी बॅकअप, म्हणजे फाइलींची दुसरीकडे ठेवलेली कॉपी. हे सगळेच सांगतात आणि करत जवळजवळ कुणीच नाही, म्हणून यावर जरा जास्तच लिहिते.

सगळ्यात मोठा गैरसमज डी ड्राइव्हचा. "माझं सगळं डी मध्ये आहे, सेफ आहे" असं खूप जण म्हणतात. पण घरच्या बऱ्याचशा कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही गेले. डी मध्ये ठेवायचा फायदा इतकाच की विंडोज नव्याने टाकताना फक्त सी पुसली तर डी राहते, आणि तेही पुसणाऱ्याने नीट बघून पुसलं तर. तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. तिथे डिस्क ० च्या पुढे सी आणि डी दोन्ही अक्षरं दिसली तर डिस्क एकच आहे आणि डी मधली कॉपी हा बॅकअप नाही.

दुसरा गैरसमज क्लाउडचा, म्हणजे नेटवर मिळणाऱ्या जागेचा. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचा फोल्डर कॉम्प्युटरला जोडला की फाइली दोन्हीकडे सारख्या ठेवल्या जातात, म्हणजे इथे चुकून डिलीट केलं की तिथूनही जातं. दोन्हीकडे डिलीट झालेल्या फाइली साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर मिळतात, नाहीतर नाही. आणि अजून एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते, वनड्राइव्हमधल्या काही फाइलींवर ढगाचं चिन्ह दिसतं, ती फाइल तुमच्या डिस्कवर मुळात नसतेच, नुसतं नाव दिसतंय. डबल क्लिक केल्यावर ती नेटवरून उतरते. त्यामुळे एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करताना नेट चालू ठेवा आणि सगळ्या फाइली खरंच उतरल्यात ना ते बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये असतात, मालकाला पत्ताही नसतो.

बॅकअपचा एक साधा नियम आहे, ३-२-१. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळे तो सगळीकडे पोचला. डेटाच्या तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि त्यातली एक घराबाहेर. घरासाठी याचा अर्थ असा की एक कॉम्प्युटरमध्ये, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, एक क्लाउडमध्ये. एवढं जमत नसेल तर निदान एक्स्टर्नल डिस्क तरी आजच करा. पेन ड्राइव्हवर एकुलती एक कॉपी ठेवू नका, ते हरवतात आणि कधी बंद पडतील ते सांगता येत नाही.

काय काय कॉपी करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे सी ड्राइव्हमध्ये यूजर्स नावाचा फोल्डर असतो, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, तो अख्खाच उचलायचा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच येतं. पण काही गोष्टी अशा कॉपीत राहून जातात आणि त्या फॉरमॅट झाल्यावरच आठवतात: हिशोबाच्या किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटा (तो बऱ्याचदा थेट सी ड्राइव्हमध्ये स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो), ब्राउझरमधले बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुकमधले जुने मेल, आणि पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की (चालू करायचे कोड). ब्राउझरमध्ये अकाउंटने साइन इन करून सिंक चालू असेल तर बुकमार्क परत येतात, तरी एकदा एक्स्पोर्ट करून ठेवायला काय जातंय.

कॉपी करताना चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, जागा असूनही एरर येत असेल, तर ती डिस्क फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेली आहे, त्याला तेवढीच मर्यादा असते. आत काही नसेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. कॉपी झाली की दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली खरंच उघडून बघा. मग डिस्क काढून कपाटात ठेवा, कायम लावून ठेवू नका, कारण रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर ते जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीसुद्धा लॉक करतं.

आणि हे फार महत्त्वाचं, डिस्कमधून टकटक किंवा कुरकुर आवाज येत असेल, फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, फाइली वाचता येत नाहीत असे एरर येत असतील, तर दुसरं काहीही करत बसू नका, स्कॅन नाही, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जवळ लावणं) नाही, काहीच नाही. सगळ्यात गरजेच्या फाइली आधी उचला, मग उरलेल्या. मरणाऱ्या डिस्कला जितकं जास्त राबवाल तितकी ती लवकर जाते. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडल्या उघडल्या गुड, कॉशन किंवा बॅड असं सांगतं. कॉशन दिसलं तरी मी त्या डिस्कवर भरवसा ठेवत नाही.

शट डाउन म्हणजे रीस्टार्ट नाही

आता मूळ विषय. लोक म्हणतात मी रोज रात्री बंद करते, सकाळी चालू करते, तरी स्लो. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय. शट डाउन केलं की विंडोज आपल्या आतल्या भागाची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारा छोटा प्रोग्रॅम), बिघडलेली सर्व्हिस (मागे चालणारं विंडोजचं काम), सगळं तसंच्या तसं परत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), तिथे खाली अप टाइम लिहिलेला असतो, रोज बंद करूनसुद्धा तिथे बारा-पंधरा दिवस दिसले तर समजून जा. त्यामुळे आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, मग त्या वेळेपुरतं ते खरं शट डाउन होतं. प्रिंटर दिसत नाही, आवाज येत नाही, वायफाय सापडत नाही असल्या तक्रारींमध्ये नुसत्या रीस्टार्टने काम होणारी संख्या खूप मोठी आहे.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

घरच्या माणसाला कॉम्प्युटरबद्दल एकच गोष्ट शिकवायची म्हटली तर मी ही शिकवेन. कॉम्प्युटर चालू करा, दहा मिनिटं तसाच राहू द्या, कारण चालू झाल्या झाल्या अपडेट, अँटीव्हायरस आणि सर्चची कामं मागे चालतात आणि तेव्हा सगळेच आकडे वर दिसतात. मग तुम्ही रोज जे उघडता ते उघडा, ब्राउझर, वर्ड, जे असेल ते, आणि स्लो वाटायला लागलं की कंट्रोल शिफ्ट एस्केप. विंडोज १० मध्ये छोटी खिडकी आली तर खाली मोअर डीटेल्सवर क्लिक करा. वर चार रकाने दिसतील, सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. ज्या रकान्यावर क्लिक कराल त्यातला सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

आधी मेमरी बघा. हा क्रम मुद्दाम सांगतेय, कारण बहुतेक लोक डिस्क १०० टक्के बघून डिस्कला दोष देतात. रॅम भरली की विंडोज डिस्कचा एक तुकडा रॅमसारखा वापरायला लागतं, सारखं इकडून तिकडे उचलून ठेवत बसतं, आणि त्यामुळे डिस्क १०० टक्के दिसते. म्हणजे दुखणं रॅमचं आणि कण्हतेय डिस्क. मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आणि अजून दोन प्रोग्रॅम नीट चालत नाहीत हे मान्य करून टाका, विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे पण ती फक्त इन्स्टॉल होण्यापुरती आहे. साध्या घरगुती कामाला ८ जीबी, आणि टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर १६. वाढवता येईल का ते परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की कळतं, तिथे स्लॉट्स यूज्ड असं लिहिलेलं असतं, दोनपैकी एक वापरला असेल तर दुसरा रिकामा आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथे वाढवता येत नाही, म्हणून मॉडेलचं नाव टाकून आधी खात्री करून घ्या.

रॅम विकत घ्यायच्या आधी ब्राउझर बघा. क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किती मेमरी खातंय ते वेगवेगळं दिसतं. कधीतरी कुणीतरी टाकलेली एक्स्टेन्शन वर्षानुवर्षं तशीच पडलेली असतात, कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, कर्सर रंगीत करणारं. जे कशासाठी आहे ते आठवत नाही ते काढून टाका, ते तुम्ही उघडलेली पानंसुद्धा वाचू शकतं, स्पीड तर नंतरची गोष्ट. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू करा, न वापरलेले टॅब झोपवले जातात.

मेमरी ठीक आहे आणि तरी डिस्क सतत १०० टक्के, तर परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करून तिचा प्रकार बघा, एसएसडी की एचडीडी. एचडीडी असेल तर उत्तर तिथेच सापडलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि एक हात सरकून ठिकठिकाणचं वाचतो, प्रत्येक वेळी त्या जागेवर पोचायलाच साधारण १० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला साधारण त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ लागतो. आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली वाचल्या जातात, म्हणून तिथे फरक इतका जाणवतो. फॉरमॅटने हा फरक भरून निघत नाही, कितीही वेळा मारा. एचडीडी काढून एसएसडी टाकणं हा जुन्या कॉम्प्युटरवरचा सगळ्यात उपयोगी खर्च आहे असं माझं ठाम मत आहे. रॅम आणि एसएसडी यापैकी एकच परवडत असेल आणि रॅम ८ जीबी असेल तर डोळे झाकून एसएसडी घ्या.

घेताना एकच काळजी, आकार. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (डिस्क जोडायचा एक प्रकार) बसते, नव्यात बोटाएवढी पट्टी असते तिला एम.२ म्हणतात, आणि एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, दिसायला सारखेच, पण चुकीचा घेतला तर चालत नाही. दुकानात लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नंबर घेऊन जा. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उचलता येतं, त्याला क्लोनिंग म्हणतात, फॉरमॅट लागत नाही, आणि काढलेली जुनी डिस्क चांगली असेल तर छोट्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. एसएसडीला डीफ्रॅग करायची गरज नाही, विंडोज तिची काळजी वेगळ्या पद्धतीने आपोआप घेतं.

सीपीयू सतत वर असेल तर कोण खातंय ते नावावरून कळतं. एखादं अनोळखी नाव दिसलं तर त्यावर राइट क्लिक करून सर्च ऑनलाइन करा, लगेच एंड टास्क मारू नका, काही विंडोजचे स्वतःचेच असतात. आणि सीपीयूचे टक्के जास्त पण स्पीडचा आकडा बेस स्पीडच्या (प्रोसेसरच्या ठरलेल्या वेगाच्या) खूप खाली अडकलेला असेल, तर तो बहुतेक तापलाय. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. लॅपटॉप गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, आधी तो टेबलावर ठेवून बघा. मग धूळ. बंद करून, चार्जर काढून जाळीतून हवा मारा, पण पंख्याचं पातं काडीने किंवा कशानेतरी अडवून धरा, हवेने तो भन्नाट फिरतो आणि खराब होऊ शकतो. काही लॅपटॉप कमी ताकदीचा चार्जर लावला तरी मुद्दाम हळू चालतात, चार्जर बदलल्यापासून स्लो झाला असेल तर वॉटचा आकडा जुन्याशी ताडून बघा. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर वापर तिथेच थांबवा, दाबू नका, टोचू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

हे सगळं बघताना इंटरनेट स्लो आहे का कॉम्प्युटर स्लो आहे हेही वेगळं करा. वायफाय बंद करून वर्डची फाइल उघडा, ती पटकन उघडली तर कॉम्प्युटर बरा आहे, राउटरकडे बघा.

चालू होताना कोण कोण उठतं

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अॅप्स नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर चालू झाल्यावर आपोआप उठणारे सगळे तिथे दिसतात, आणि विंडोज प्रत्येकापुढे हाय, मीडियम, लो असं लिहून देतं. मीटिंगचं अॅप, गेमचा लाँचर, गाण्यांचं अॅप, प्रिंटरबरोबर आलेले चार-पाच मदतनीस, हे सगळे डिसेबल करा. डिसेबल केल्याने प्रोग्रॅम जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हा उघडतो. आवाज, टचपॅड, ग्राफिक्स, सिक्युरिटी असं नाव असलेल्यांना हात लावू नका. पाच मिनिटांचं काम आहे, सुरू व्हायला लागणारा वेळ लगेच कमी झालेला दिसतो.

जागा

सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की विंडोज गुदमरतं, अपडेटही अडकतात. दहा-पंधरा टक्के तरी जागा मोकळी हवी. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे जा, काय किती जागा खातंय ते पट्ट्या काढून दाखवलेलं असतं. टेम्पररी फाइल्समध्ये जाऊन पुसा पण टिक बघून करा, कारण त्याच यादीत डाउनलोड्स नावाची एक ओळ असते, ती टिक झाली तर तुमच्या डाउनलोड फोल्डरमधलं सगळं जातं, आणि लोक आपली कागदपत्रं तिथेच ठेवतात. प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन असं काही दिसलं तर ते मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज आहे, परत जायचं नसेल तर काढा, नाही काढलं तरी दहा दिवसांनी विंडोज बहुतेक स्वतःच काढतं.

क्लीनर, बूस्टर आणि घाबरवणाऱ्या खिडक्या

"पीसी क्लीनर", "ड्रायव्हर अपडेटर", "रजिस्ट्री बूस्टर" असल्या नावाचं काहीही टाकू नका, आणि टाकलेलं असेल तर काढा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ केल्याने स्पीड वाढत नाही, मात्र चुकीची नोंद उडाली तर विंडोज बिघडू शकतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट सांगितलंय की असली सॉफ्टवेअर वापरायला त्यांचा पाठिंबा नाही. दोन अँटीव्हायरसही एकत्र ठेवू नका. लॅपटॉपबरोबर ट्रायल म्हणून आलेला आणि मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला की विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो, घरच्या वापराला तो पुरेसा आहे. व्हायरसचा संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, तो विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासतो, म्हणून लपून बसलेलंही सापडायची शक्यता जास्त.

ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल खिडकी येते, सायरन वाजतो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय, या नंबरवर फोन करा. घरातल्या मोठ्या माणसांना हे नक्की सांगून ठेवा: विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४, तेही नाही झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुने टॅब रीस्टोअर करू नका. कुणी फोनवर सांगितलं की हे सॉफ्टवेअर टाका म्हणजे मी इथून दुरुस्त करून देतो, तर फोन ठेवून द्या. आणि फोन करून कुणाला आत घेतलंच असेल तर लगेच नेट बंद करा, दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला, बँकेला फोन करा. यात लाज वाटून घेऊन वेळ घालवू नका, पहिला तासच महत्त्वाचा असतो. उजव्या कोपऱ्यात सारख्या जाहिराती येत असतील तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती काढा.

विंडोज १० वाल्यांसाठी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर चालतो, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप येत नाहीत. घरच्या लोकांसाठी वाढीव अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, त्यासाठी विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. अपडेट का हवेत याचं उत्तर २०१७ च्या मे महिन्यात मिळालं होतं, वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरात लाखो कॉम्प्युटर लॉक केले, आणि ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन गेला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसरही साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा नंतरचा. तुमचा बसत नसेल आणि काम फक्त ब्राउझर, मेल, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टीम) पेन ड्राइव्हवरून न टाकता नुसतं चालवून बघता येतं, आवडलं तर पुढचं.

एवढं करूनही नाहीच झालं तर

तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती करायचा पर्याय आहे, रीइन्स्टॉल नाउ. तो विंडोजच्या फाइली नव्याने टाकतो पण तुमचे प्रोग्रॅम, फाइली, सेटिंग सगळं जागेवर ठेवतो. लोकांना हा माहीतच नाही आणि हा असताना सगळं पुसायला जातात.

त्यानंतर रिकव्हरीमधलंच रीसेट धिस पीसी, म्हणजे विंडोज नव्याने टाकणं. यात कीप माय फाइल्स घेतलं तर फाइली राहतात पण प्रोग्रॅम जातात, हे आधी समजून घ्या आणि कुठले प्रोग्रॅम लागतात त्याची यादी कागदावर लिहा. क्लाउड डाउनलोड घेतलं तर विंडोज नव्याने नेटवरून उतरतं, सुमारे ४ जीबी, नेट बरं असेल तर तेच घ्या. आणि सुरू करायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, नक्की बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली (की शिवाय वाचता येणार नाही अशी) असते, मालकाने काही न करता, आणि कधीतरी दुरुस्ती करताना निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला, कुणीही काढून देऊ शकत नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप सुरू केला होता त्याच्या वेबसाइटवर तुमच्या डिव्हाइसच्या खाली ती की असते, आजच बघून वहीत उतरवून ठेवा. दुरुस्तीला लॅपटॉप द्यायच्या आधीसुद्धा.

रीसेट झाल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीन रीस्टार्ट होतील. मग प्रोग्रॅम एकेक करून टाका, प्रत्येक ज्याच्या त्याच्या मूळ वेबसाइटवरून, बॅकअपमध्ये पडलेल्या जुन्या सेटअप फाइली वापरू नका. एक टाकला की दोन दिवस वापरून बघा, मग पुढचा, म्हणजे परत स्लो झाला तर कुणामुळे झाला ते लगेच कळेल. आणि बॅकअपची डिस्क लगेच पुसू नका, महिनाभर तशीच राहू द्या, कुठलीतरी एक फाइल हमखास नंतर आठवते.